पाठीची दोन बोटं

अक्का, तीन दिवसांपूर्वी तुमचा भाचा पश्चिमवाहिनीहून परतला तो घरी न जाता आधी माझ्याकडे आला. अस्थी कावेरीत सोडून आलेल्या माणसाने वाटेत कुणाच्या दारी थांबू नये, हे त्यालाही कळतं. तरी तो अग्रहारातल्या आमच्या ओट्यापाशी उभा राहिला आणि म्हणाला, "गोदाक्का, मडकं हातात घेतलं तर काही वजनच नाही हो. मावशीची हाडं एवढी हलकी?"

मी त्याला पाणी दिलं. रडायला यायला हवं होतं, पण मनात आलं ते भलतंच. तुम्ही असता तर चष्मा पदराने पुसत लगेच विचारलं असतं, "हलकी म्हणजे किती? कशाच्या मानाने हलकी?" आणि त्या बिचाऱ्याला परत पाठवलं असतं, तराजू घेऊन.

जाताना त्याने तुमची पत्र्याची पेटी माझ्या ओट्यावर ठेवली. तुम्ही अंथरुणात असतानाच त्याला सांगून ठेवलं होतं म्हणे, की ही गोदेची. दोन दिवस मी ती उघडली नाही. आत दोरे असणार हे मला माहीत होतं, आणि त्या दोऱ्यांपुढे मला एक गोष्ट कबूल करावी लागणार हेही.

तर आधी तीच सांगते. गेली नऊ वर्षं मी तुमच्या पोलक्यांची पाठ आखूड करत आले. दर साली थोडी थोडी, मिळून दोन बोटं. तुम्हाला एका अक्षराने बोलले नाही. मग दवाखान्याच्या पायऱ्यांवर तुमचा पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं, आणि दीड महिना पडून राहून तुम्ही गेलात. बायकांची हाडं का झिजतात याच्या मागे हात धुऊन लागलेली म्हैसुरातली एकटी डॉक्टरीण तुम्ही, आणि तुमचं स्वतःचं हाड झिजतंय हे फक्त तुमच्या शिंपिणीला ठाऊक. तेव्हाच सांगितलं असतं तर तुम्ही जपून चालला असता का? दोन आठवडे झाले, मी रात्रंदिवस एवढंच विचारते आहे.

आपली ओळखच भांडणाने झाली होती, आठवतं ना? जुन्या शिलेदारांचं ते घर, गोशा कडक. बाईमाणूस उंबऱ्याबाहेर पडायचं नाही आणि परका पुरुष आत यायचा नाही. म्हणून दुकान माझ्या नवऱ्याचं असलं तरी तिथली मापं घ्यायला मी जायची. थोरल्या वहिनीसाहेब भिंतीला हात टेकून उभ्या होत्या. वय असेल तिशीचं, पण चालताना दोन्ही बाजूंना झोल जायचा. मी त्यांच्या मानेपासून कमरेपर्यंत दोरा धरला. आमच्या घरात मापं कधी लिहीत नसत. दर माणसाचा एक दोरा, त्यावर पाठीची गाठ, छातीची गाठ, हाताची गाठ. त्या दिवशी पाठीची जुनी गाठ कमरेच्या खाली गेली. मी मुकाट्याने दोरा चिमटीत धरला आणि जरा वर नवी गाठ मारली.

तुम्ही खाटेपलीकडे औषधांची पेटी आवरत होता. "काय केलंस आत्ता?" तुम्ही विचारलंत.

"माप घेतलं."

"गाठ वर का घेतलीस?"

"जुना दोरा सैल पडतो हो," मी म्हटलं. आमच्याकडचं हे ठरलेलं उत्तर.

"सुम्ने उगाच काहीतरी सांगू नको." तुम्ही पुढे येऊन दोरा माझ्या हातातून काढूनच घेतलात. "दोरा सैल पडला, की बाई आखूड झाली?"

वहिनीसाहेबांनी मान खाली घातली. मला तर धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. बाहेर पडवीत आल्यावर मग मीही सोडलं नाही. "अय्यो, मग काय बाईच्या तोंडावर सांगू, तू वाकलीस म्हणून? उद्यापासून दुसरी शिंपीण येईल त्यांच्याकडे. अंग बदललं की कापड बदलावं, तोंड उघडू नये, असं माझी सासू सांगून गेली."

"तुझ्या सासूच्या या चांगुलपणाने किती बायका वाकल्या, कधी मोजलंस?"

"मोजल्यात की!" मी रागाने म्हटलं. "सगळ्या आमच्या घरी खुंटीला टांगल्यात. या, बघा."

रागात बोललेलं कुणी खरं धरतं का? तुम्ही धरलंत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दारात सडा घालतेय तोच तुमचा टांगा येऊन उभा.

मधल्या खोलीतल्या खुंट्यांपुढे तुम्ही येऊन उभ्या राहिलात. घरागणिक एक जुडी, दर जुडीला त्या घरच्या कापडाची चिंधी बांधलेली. सासूबाईंचा नेम होता, जित्या माणसाचा दोरा तोडायचा नाही आणि जाळायचा नाही. नव्या मापाची गाठ जुन्या गाठींच्या वरच मारायची. माणूस गेलं, की सगळ्या गाठी सोडून दोरा वाहत्या पाण्यात द्यायचा. तसं नाही केलं तर आयुष्याला गाठ बसते म्हणे. तुम्ही जमिनीवर बसलात, एक दोरा हातात घेतलात आणि विचारलंत, "ही गाठ कधीची?"

"ही मोठ्या मुलीच्या लग्नातली. तिच्याखालची धाकट्याच्या मुंजीतली. आणि ही खालची, त्या नवरी होऊन आल्या तेव्हाची."

"देवा," तुम्ही म्हणालात. "मी दहा वर्षं हे शोधते आहे, आणि हे सगळं तुझ्या खुंटीवर!"

त्या दिवशी तुम्ही आमच्याकडे जेवलात आणि संध्याकाळी दिवे लागेपर्यंत बसलात. पण इतक्या आनंदातही तुम्ही दोऱ्यांवर लगेच विश्वास ठेवला नाहीत, आणि खरं सांगू का, तिथेच मी तुमची झाले. मीच तर म्हटलं होतं, जुना दोरा सैल पडतो. मग ते खरं की काय हे बघायला तुम्ही नवे-जुने दोरे भिजवलेत, वाळवलेत, खाली पितळी तांब्या बांधून महिनाभर टांगून ठेवलेत. नवऱ्याच्या दुकानातून पुरुषांचे दोरे मागवलेत. त्यांच्या पोटाच्या गाठी दर साली पुढे सरकलेल्या, पाठीच्या मात्र बहुतेक जागच्या जागी. तेव्हा कुठे तुम्ही म्हणालात, "आयतु, झालं. दोरे खरे आहेत." माझ्या नवऱ्याने मला हळूच विचारलं, ही बाई डॉक्टरीण आहे की फौजदार?

मग वही आली. तुम्ही रकाने आखलेत: नाव, घर, वय, बाळंतपणं, पाठीच्या गाठी. शेवटचा रकाना माझ्यासाठी होता: बाईला सांगितलं का? त्यात "हो" लिहिल्याशिवाय ओळ पुरी धरायची नाही, असा तुमचा दंडक. पहिलं वर्ष मला मरणप्राय गेलं. गोडगोड बोलून माप घ्यायचं आणि मग सांगायचं, बाईसाहेब, पाठ अर्ध्या बोटाने उतरली. दोन घरांची गिऱ्हाइकी तुटली. पण बायका रडल्या नाहीत हो, मला वाटलं होतं तशा. एकजण तर म्हणाली, "मला वाटायचं मीच आळशी झालेय. म्हणजे खरंच काहीतरी दुखतंय तर."

हाड जितं असतं, हे मला तुम्ही शिकवलंत. मला वाटायचं, हाड म्हणजे घरातला खांब, एकदा उभा केला की मरेपर्यंत तसाच. तुमच्या खोलीत तेजाबात मऊ केलेलं हाड मेणात बसवून वस्तऱ्याने कापायचं असे. तुमचा हात थोडा थरथरायचा, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. मलमलीहून पातळ काप निघाला की तुम्ही लहान पोरीसारख्या टाळी वाजवायच्या. आणि एकदा तुम्ही माझी चंदनाची सहाण मागितली होतीत, हाड घासायला! विठोबाच्या गंधाची सहाण! आठ दिवस मी तुमच्याशी बोलले नव्हते. मग तुम्ही हस्तिदंताचं नक्षीकाम करणाऱ्या एका कारागिराकडे जाऊन बसलात आणि घासायचा दगडही त्याच्याकडूनच आणलात.

तुमच्या त्या बारीक गोष्टी मोठ्या दाखवणाऱ्या दुर्बिणीला डोळा लावून पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला लाल-निळे डाग सोडून काही दिसेना. "नोड, नीट बघ," तुम्ही माझं डोकं धरून म्हणालात. "ती मोठी दिसते ना, पोटात खूप ठिपके असलेली? तिच्यापुढे हाडाला खड्डा पडलाय बघ. ती हाड खाते. आणि तिकडे त्या लहान लहान, ओळीने बसलेल्या? त्या हाड भरतात."

"म्हणजे एक उसवणारी आणि बाकीच्या शिवणाऱ्या."

तुम्ही दुर्बिणीवरून माझ्याकडे बघत राहिलात. "गोदे, हे मला आधी का नाही सुचलं?" त्यानंतर वहीतसुद्धा तुम्ही तसंच लिहीत गेलात. रोज हाड उसवलं जातं, रोज शिवलं जातं. वहिनीसाहेबांसारख्यांची शिवण होते, पण तिला खळ लागत नाही, म्हणून हाड मऊ राहतं. म्हाताऱ्या बायकांत शिवणाऱ्या मागे पडतात आणि उसवणाऱ्या थांबत नाहीत. डॉक्टरकी भाषेत याला काय म्हणतात ते तुम्ही सांगितलं होतं. ते मी विसरले, हे मात्र मरेपर्यंत विसरणार नाही.

खळ कशी लागणार यावर मात्र आपलं कधीच जमलं नाही. तुम्ही म्हणायच्या, ऊन. मी म्हणायची, पोट. घरात सगळे जेवल्यावर बाई उरलंसुरलं खाणार, वर दर दीड वर्षाने पाळणा. हाड कुठून राहणार? तुम्ही म्हणायच्या, तूपदूध वाहतंय अशा घरातही बायका वाकतात, त्यांना सूर्य दिसत नाही म्हणून. शेवटी तुम्ही शिलेदारांपुढेच जाऊन उभ्या राहिलात. त्यांच्या घरात त्यांच्यासमोर कुणी आवाज चढवत नसे. तुम्हीही चढवला नाहीत. "वहिनीसाहेबांना रोज दोन तास गच्चीवर बसवा. सगळ्या बाजूंनी कनात लावा, गोशा मोडणार नाही. वर तेवढं उघडं ठेवा. आभाळाला डोळे नाहीत."

शिलेदार म्हणाले, "आमच्या घरात असं कधी झालं नाही."

"तुमच्या घरात तिशीची बाई भिंत धरून चालते, हे तरी पूर्वी झालं होतं का?"

कनात मी शिवली. त्याबरोबर रोजचं पेलाभर दूध आणि नाचणीची आंबील मी माझ्या हट्टाने वाढवून घेतली, वहिनीसाहेबांनी माझ्यादेखत पिण्याच्या बोलीवर. पुढच्या दसऱ्याला त्या भिंत न धरता देवघरापर्यंत चालत गेल्या. तुम्ही म्हणालात, ऊन. मी म्हटलं, आंबील. गेलेली पाठ परत आली नाही, पण दुखणं गेलं. कोण जिंकलं ते ठरायचं राहूनच गेलं, अक्का. आता एकटीने कशी भांडू?

आमच्या गल्लीतल्या बायकांनी तर आपल्या दोघींचीही पंचाईत केली. डोक्यावर घागरी, दिवसभर उन्हात, खाणंही बरं. तरी पन्नाशीपुढे त्यांच्याही गाठी वर सरकलेल्या. तुम्ही दोन वर्षं ते दोरे उलटेपालटे केलेत आणि एक दिवस म्हणालात, "विटाळ गेला की पाठ जाते. त्या दोन्हींचं काहीतरी नातं आहे, गोदे. काय ते मला कळत नाही, पण आहे." तसं टिपण करून तुम्ही मद्रासच्या एका मोठ्या डॉक्टरसाहेबांना धाडलंत. त्यांचं उत्तर चार ओळींचं. शिंपिणीचे दोरे हा शास्त्रातला पुरावा होऊ शकत नाही, डॉक्टरीणबाईंनी प्रसूतीच्या कामात लक्ष घालावं.

मला इतका संताप आला की ते पत्र चुलीत घालायला निघाले. तुम्ही माझ्या हातातून घेऊन नीट घडी घातलीत. "एका परीने बरोबर आहे त्यांचं. दोरे थोडे आहेत. अजून वीस वर्षं जमवू." तेव्हा तुमची पन्नाशी उलटली होती! पुढची वीस वर्षं अशी खिशात असल्यासारखी बोलणारी बाई मी दुसरी बघितली नाही. अपमान गिळून लोक गप्प बसतात, कडू होतात. तुम्ही मला आणखी सुती दोऱ्याची गुंडी आणायला पाठवलंत. तुमच्यापुढे मी मान तुकवली असेल तर त्या दिवशी.

त्याच साली मी तुमचं नवं पोलकं शिवायला घेतलं. "उभ्या राहा, माप घेते," मी म्हटलं. तुम्ही दुर्बिणीवरून डोकंही उचललं नाही. "माप बेडा, नको. जुनंच चालतं." दर साली तेच. वाकून बसलेल्या तुमच्या पाठीवर मी जुनं पोलकं नुसतं टेकवून बघायची, आणि ते खाली उतरलेलं असायचं. तुमचा स्वतःचा दिवस त्या अंधाऱ्या खोलीत जायचा. जेवण एकदाच, तेही कुणी ताट समोर आणलं तर. जगाला ऊन वाटणाऱ्या बाईच्या अंगाला ऊन नाही. पहिल्या साली मी पाव बोट कमी केलं आणि स्वतःला म्हटलं, पुढच्या वेळी सांगू. पुढच्या वेळी तुम्ही इतक्या ताठ मानेने आणि हसत दारात आलात, की जीभ उचलली नाही. साऱ्या गावाच्या बायकांना सांगायला शिकले, अक्का, तुम्हाला सांगता आलं नाही. भीती वाटली. तुम्ही वाकता आहात हे मी म्हटलं तर ते खरं होईल असं वाटलं. सासूची सून ती सासूचीच राहिले.

काल शेवटी पेटी उघडली.

वर दोऱ्यांच्या जुड्या, प्रत्येकीवर तुमच्या अक्षरात चिठ्ठी. जे गेले त्यांचेही दोरे गाठींसकट होते. तुम्ही मला सोडू दिले नव्हते. खाली माझी जुनी शिवण, तुमची नऊ पोलकी, धुऊन घडी घातलेली. त्यांखाली वही. मी शेवटचं पान काढलं. तिथे एक ओळ तुमच्या स्वतःच्या नावाची. पाठीच्या रकान्यात नऊ मापं, एकाखाली एक, आणि बाजूला बारीक अक्षरात: "मापं पोलक्यांवरून घेतली आहेत. माप घेणारी गोदावरी. ती मला बोलत नाही, पण तिच्या कात्रीवर माझा दोऱ्यांपेक्षा जास्त भरवसा आहे."

म्हणजे दर साली मी चोरून पाठ कमी करायची, आणि तुम्ही माझी पाठ वळताच ते पोलकं मोजायच्या! नऊ वर्षं आपण दोघी एकमेकींपासून एकच गोष्ट लपवत बसलो. पदर तोंडात धरून मी आधी हसले आणि मग जे रडले ते आज सकाळपर्यंत.

आता मला तुमचा राग येतो, तोही ऐकून घ्या. ठाऊक होतं तर त्या पायऱ्या धावत का उतरलात? दुसऱ्यांना दूध पाजलंत, स्वतः का नाही प्यायलात? मद्रासवाल्याला दाखवायला एक ओळ वाढावी म्हणून? तसं असेल तर तुम्ही मूर्ख होता, अक्का, आणि हे तोंडावर सांगायला मला तुम्ही हव्या होता. शेवटच्या रकान्यात, बाईला सांगितलं का याच्यापुढे, साऱ्या वहीत "हो" आहे. तुमच्या ओळीत लिहिलंय: "बाईला ठाऊक आहे. गोदेला सांगितलेलं नाही, रडेल."

रडलेच. तुमचं निदान कधी चुकायचं नाही.

सकाळी अंघोळ झाल्यावर मी सून रुक्माला हाक मारली. खुंटीवरून माझा दोरा काढला. त्यावर पाठीची गाठ एकच, मी या घरात आले तेव्हा सासूबाईंनी मारलेली. दुसऱ्यांची मापं घेता घेता माझं घ्यायचं कुणाला सुचलं नव्हतं, मलाही नाही. मी अंगणात उन्हाकडे पाठ करून उभी राहिले आणि म्हटलं, "धर."

रुक्माने दोऱ्याचं टोक माझ्या मानेला लावलं. तिची बोटं कमरेपाशी येऊन थांबली.

"काय झालं?"

"काही नाही, अत्ते," ती हळूच म्हणाली. "दोरा जुना झालाय. सैल पडलाय स्वल्प."

तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. मीच शिकवलं असणार, न बोलता.

"सुम्ने काहीतरी सांगू नको," मी म्हटलं. माझ्या तोंडून तुमचाच आवाज आला, अक्का, ती पोर दचकली. "नीट बघ आणि मोठ्याने सांग."

"दीड बोट कमी आहे, अत्ते."

"मार गाठ."

तिने गाठ मारली. मग वही आणून तुमच्या ओळीखाली तिने माझं नाव लिहिलं, वय लिहिलं, पाच बाळंतपणं लिहिली, दोन गाठी लिहिल्या. खुंटीवरचा तुमचा जुना दोरा मी पाण्यात देणार नाही. सासूबाई वर भेटल्या तर तुम्हीच त्यांची समजूत काढा. शेवटच्या रकान्याशी आल्यावर रुक्माने टाक थांबवून माझ्याकडे बघितलं.

"लिही," मी म्हटलं. "हो."